झिरो टिकला पाहिजे

"कुठला स्कोप घेऊ?" हा प्रश्न रायफल क्लबात पाऊल ठेवल्यापासून मी ऐकत आलो आहे. विचारणारा कधी पहिलीच एअर रायफल घेतलेला कॉलेजातला मुलगा असतो, कधी घरात वडिलांच्या वेळची परवान्याची .315 असलेला गृहस्थ, कधी सैन्यातून निवृत्त झालेला सुभेदार. प्रत्येकाच्या मोबाइलवर दोन-तीन ब्रँडची चित्रे उघडलेली असतात. एकाची किंमत दुसऱ्याच्या पाचपट, तिसऱ्याची वीसपट, आणि तिन्हींच्या खोक्यांवर शब्द मात्र तेच: शॉकप्रूफ, वॉटरप्रूफ, फॉगप्रूफ. मग पैसे नेमके कशाचे मोजायचे?

या पुस्तकाचे हस्तलिखित हाती आले तेव्हा मी आधी शेवटची पाने काढली. शेवटी कोणत्या ब्रँडची शिफारस केली आहे, हे पाहायचे होते. शिफारस नव्हती. तिच्या जागी घरी आणि रेंजवर करायच्या चाचण्यांचा एक तक्ता होता, आणि प्रत्येक चाचणीपुढे आकडा लिहायला कोरी जागा. तिथेच मी ठरवले की या पुस्तकाला आपण प्रस्तावना लिहायची.

नेमबाजांच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतो: झिरो. ठरावीक अंतरावर गोळी जिथे लागते आणि स्कोपमधली फुली जिथे टेकलेली दिसते, त्या दोन जागा एकमेकींवर आणणे म्हणजे रायफल झिरो करणे. हे काम अर्ध्या तासाचे. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. दोनशे गोळ्या झाडल्यावर, रेल्वेच्या प्रवासानंतर, मे महिन्याच्या उन्हात आणि जुलैच्या दमट हवेत ती फुली तिथेच राहिली पाहिजे. टरेट, म्हणजे फुली सरकवणारी फिरकी, वीस क्लिक फिरवून पुन्हा वीस क्लिक मागे आणले, तर ती बिनचूक मूळ जागी परतली पाहिजे. ज्या स्कोपला हे जमत नाही, त्याची काच कितीही नितळ असो, तो नेमबाजाच्या उपयोगाचा नाही. या पुस्तकाचे सारे विवेचन या एका कसोटीभोवती फिरते, आणि मला ती कसोटी पूर्णपणे मान्य आहे.

कोलकात्यात राहणाऱ्याला ही कसोटी नवी वाटत नाही, कारण या शहराने ती रायफलीच्या स्कोपआधी जमीन मोजण्याच्या दुर्बिणीवर लावली होती. 1830 साली सर्व्हेच्या उपकरणांची देखभाल करण्यासाठी इथे मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिस उभे राहिले. त्यासाठी हेन्री बॅरो हा कारागीर इंग्लंडहून आला, आणि पुढे 1843 मध्ये ते काम अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्याकडे गेले. सर्व्हेचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांच्यासारख्या कडक माणसानेही ज्यांच्या हाताची मनापासून तारीफ केली, असे हे कारागीर. त्यांच्यापुढे दुरुस्तीला येई तो थिओडोलाइट. थिओडोलाइट म्हणजे फुली बसवलेली दुर्बीण आणि ती फुली किती वळली हे सांगणारे आखीव वर्तुळ. रायफलचा स्कोप याच घराण्यातला. फरक एवढाच की थिओडोलाइट तिवईवर शांत उभा असतो आणि स्कोपला प्रत्येक गोळीमागे धक्का खावा लागतो.

झिरो हलणे म्हणजे काय, याची सर्वांत मोठी गोष्टही याच सर्व्हेतली आहे. 1808 साली विल्यम लॅम्बटन यांचा अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटला. उपकरण भिंतीवर आदळले आणि त्याचे तीन फूट व्यासाचे वर्तुळ वाकले. लॅम्बटन यांनी सुमारे सहा आठवडे खपून ते ठोकून, ओढून पुन्हा गोल केले. मात्र त्यानंतर वर्तुळावर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नव्हता. सर्व्हेच्या लोकांचा भरवसा त्यांच्या पद्धतीवर होता. तोच कोन ते दुर्बीण एका बाजूला ठेवून मोजत, मग ती उलटवून दुसऱ्या बाजूने मोजत, वर्तुळाचा वेगळा भाग समोर आणून पुन्हा मोजत. उपकरणात दोष असला तर तो या उलटापालटीत उघडा पडे किंवा एकमेकांत फिटून जाई. उपकरण कोणाच्याही नावाचे असो, उलटवून पाहिल्याशिवाय त्याचे म्हणणे खरे मानायचे नाही, ही शिस्त या शहराच्या कार्यशाळांत मुरली.

त्याच मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिसची 1957 साली नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स लिमिटेड झाली. यादवपूरच्या तिच्या कारखान्यात सर्व्हेची उपकरणे आणि दुर्बिणी बनल्या, पुढे 'नॅशनल 35' हा कॅमेराही. जवळच 1950 साली सेंट्रल ग्लास अँड सिरॅमिक रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. परदेशातून आणावी लागणारी ऑप्टिकल काच आपल्या देशात ओतण्याचे काम तिथे उभे राहिले. शहराच्या उत्तरेला हुगळीच्या काठावर ईशापूरची रायफल फॅक्टरी 1904 पासून होतीच. घरोघरच्या परवान्यावरची .315 तिथलीच. उत्तरेला रायफल आणि दक्षिणेला काच, असे हे शहर. आणि मध्ये डलहौसीच्या बाजूला दाँ घराण्याची 1835 पासूनची बंदुकांची पेढी.

यादवपूरचा तो कारखाना आता बंद झाला आहे आणि त्याचे आवार विद्यापीठाकडे आले आहे. पण तिथे उमेदवारी केलेल्या एका वृद्ध कारागिराकडे, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणत असू, मी एकदा स्कोप घेऊन गेलो होतो. त्यांनी काचेला डोळा लावायच्या आधी स्कोपची नळी इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेल्या दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवी ठेवली, समोरच्या गच्चीवरच्या अँटेनाच्या टोकावर फुली आणली, आणि नळी हलक्या हाताने खाचेतच गोल फिरवली. फुली अँटेनाभोवती एक लहानसे वर्तुळ काढत होती. टरेटचे काही क्लिक इकडे-तिकडे करत त्यांनी ते वर्तुळ आक्रसत नेले. शेवटी नळी फिरत राहिली आणि फुली टोकावर स्थिर झाली. मग नळीवर त्यांनी लाकडी मुठीने दोन-तीन टिचक्या मारल्या आणि पुन्हा फिरवून पाहिले. फुली हलली नव्हती. "हा ठेवा," एवढेच ते म्हणाले. काचेतून चित्र कसे दिसते, हे त्यांनी त्यानंतर पाहिले.

नवख्या वाचकासाठी या यंत्राची ओळख इथे थोडक्यात करून देतो. पुढची मोठी काच दृश्याची उलटी प्रतिमा आत आणते. मधल्या एका लहान नळीतली भिंगे ती सुलटी करतात. ही आतली नळी एका बाजूने स्प्रिंगने दाबलेली असते आणि दुसऱ्या बाजूने टरेटच्या स्क्रूंनी रेटलेली. आपण क्लिक फिरवतो तेव्हा हलते ती ही नळी. म्हणजे स्कोपचा सारा प्रामाणिकपणा एका स्प्रिंगवर आणि दोन स्क्रूंच्या आट्यांवर अवलंबून आहे. स्वस्त स्कोपमध्ये कंपनीने खर्च वाचवलेला असतो तो बहुतेक वेळा इथेच, कारण दुकानात उभे राहून ही जागा दिसत नाही. दिसते ती काच, आणि खोक्यावर छापलेला पॉवरचा आकडा.

या यंत्राचा इतिहास पावणेचारशे वर्षांहून जुना आहे. 1640 च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज तरुणाला दुर्बिणीत विणलेला कोळ्याचा धागा दूरच्या दृश्याइतकाच स्पष्ट दिसला आणि फुलीची कल्पना सुचली. ती रायफलवर चढायला दोनशे वर्षे जावी लागली. हिंदुस्थानात नोकरी केलेले कर्नल डेव्हिडसन यांचा स्कोप अमेरिकन यादवीत व्हिटवर्थ रायफलींवर दिसला. विल्यम माल्कम यांनी 1855 पासून न्यूयॉर्क राज्यात लांबच लांब पितळी-पोलादी नळ्यांचे स्कोप बनवायला घेतले. 1884 मध्ये जर्मनीतल्या येना गावात ऑटो शॉट यांची काच-प्रयोगशाळा उभी राहिली आणि एर्न्स्ट अबे यांच्या गणिताला हवी तशी काच मिळू लागली. त्याच गावच्या त्साइस कंपनीत 1935 साली अलेक्झांडर स्मॅकुला यांनी भिंगावर परावर्तन रोखणारा पातळ लेप शोधून काढला. त्याचे महत्त्व साध्या हिशेबात कळते. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. अशी दहा पृष्ठे ओलांडली की एक तृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतच नाही. आजच्या चांगल्या स्कोपमधले उजळ चित्र ही या लेपाची देणगी आहे.

परवडणाऱ्या स्कोपची कहाणी वेगळ्या ठिकाणी सुरू होते. 1930 साली अमेरिकेत बिल वीव्हर यांनी साध्या माणसाला घेता येईल असा स्कोप बाजारात आणला, आणि तेव्हापासून वाजवी दामात विश्वासू वस्तू देण्याची चढाओढ सुरू आहे. ल्यूपोल्ड या कंपनीचा उगम तर आपल्याला जवळचा वाटावा असा. 1907 मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला ती सुरू झाली ती सर्व्हेची उपकरणे दुरुस्त करण्यासाठी. रायफलचा स्कोप तिने काढला 1947 साली, आणि नळीतली हवा काढून नायट्रोजन भरण्याची रीत रुळवण्यात तिचा वाटा मोठा. थिओडोलाइटपासून स्कोपपर्यंतचा प्रवास कोलकात्यात कल्पनेने करावा लागतो. पोर्टलंडला तो एकाच छपराखाली झाला.

आज बाजारात ढोबळमानाने चार घराणी दिसतात. जर्मन-ऑस्ट्रियन घराणे त्साइस, स्वारोव्स्की, कालेस, श्मिट उंड बेंडर यांचे. तिकडच्या शिकाऱ्याला सांजवेळी, रानाच्या कडेला बसावे लागते, म्हणून त्यांनी जीव ओतला काचेत आणि लेपात. अमेरिकन घराण्याने आधी हलकेपणा, साधेपणा आणि किंमत सांभाळली, आणि गेल्या काही दशकांत लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी टरेटची यंत्रणा कसोशीने घडवली. नाइटफोर्सचे नाव त्यातून झाले. व्होर्टेक्ससारख्या कंपन्यांनी आयुष्यभराच्या वॉरंटीला आपली ओळख केली. तिसरे घराणे जपानचे. स्वतःचे नाव न गाजवता दुसऱ्यांच्या नावाने उत्तम माल घडवणारे तिथले कारखाने या धंद्याचा कणा आहेत. चौथे चीनचे. कमी पैशात जास्तीत जास्त सोयी, हे त्याचे सूत्र. दहा वर्षांपूर्वी हा माल लोक हसण्यावारी नेत. आता त्यातले काही नमुने कसोटीला उतरतात, काही मुळीच नाही, आणि दोन्ही शेजारी शेजारी विकले जातात. लष्करी वापरातला सोव्हिएत चार पॉवरचा पीएसओ-1, जो आपल्या फौजेच्या ड्रॅगुनोव्हवर बसला, तो या चारही घराण्यांबाहेरचा. पॉवर थोडी, सोयी मोजक्या, अंग कणखर. पॉवरच्या आकड्याला भुलणाऱ्याने त्याच्याकडे एकदा तरी नीट पाहावे.

घराणी ओळखली तरी निवड सोपी होत नाही, आणि हे पुस्तक आत्ताच का हवे याचे कारण तिथेच आहे. ब्रँड आणि कारखाना या आता दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. एकाच कंपनीची महागडी मालिका जपानमधून येते, मधली फिलिपिन्समधून आणि स्वस्त चीनमधून. तिन्हींवर शिक्का तोच. त्यामुळे "अमुक ब्रँड चांगला" हे वाक्य अर्धवट आहे. अमुक ब्रँडची कुठली मालिका, हे विचारावे लागते. निकॉनसारख्या मोठ्या कंपनीनेही रायफल स्कोप बनवणे थांबवले आहे. तेव्हा वॉरंटीच्या कागदाआधी आपल्या देशात दुरुस्तीची सोय कोणाकडे आहे, हे पाहणे शहाणपणाचे.

दुसरे कारण आपल्या रायफलींचे. आपल्याकडे स्कोप लावला जातो तो मुख्यतः एअर रायफलीवर, आणि त्यातही स्प्रिंगच्या. महाराष्ट्रात प्रिसिहोलसारखे उत्पादक आल्यावर ही हौस झपाट्याने वाढली. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का विचित्र असतो. पिस्टन सुटताना रायफल मागे येते आणि पिस्टन थडकताच पुढे झेपावते. बारुदाच्या मोठ्या रायफलीचा एकाच दिशेचा धक्का वर्षानुवर्षे सोसणारा नामांकित स्कोप या दुहेरी हिसक्याने महिनाभरात ढिला होऊ शकतो. शिवाय मोठ्या रायफलीचा स्कोप बहुधा शंभर यार्डांवर पॅरॅलॅक्सविरहित केलेला असतो. दहा मीटरवर तो लावला की डोळा जरा सरकताच फुली लक्ष्यावरून सरकते. म्हणून एअर रायफलीवाल्याने पॅरॅलॅक्सची सोय दहा मीटरपर्यंत खाली येते का, हे आधी विचारायचे आणि पॉवर नंतर.

तिसरे कारण आपली हवा. कोलकाता असो की कोकण, चार महिने हवेत पाणी असते. नळीचे रबरी सील कच्चे असले की आत बाष्प धरते, आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते. ती लेप खाते. मग पुसून उपयोग नसतो. थंड कोरड्या देशात लिहिलेल्या परीक्षणांत या बुरशीचा उल्लेखही सापडत नाही. या पुस्तकात ती आहे, हवाबंद डब्यासह आणि सिलिका जेलच्या पुडीसह.

एक गैरसमजही इथेच दूर केलेला बरा. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत स्कोप चालत नाही. तिथे बारीक भोकाची डायॉप्टर साइट असते. 2010 मध्ये म्यूनिकला जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 699.1 गुणांसह चौथा आलेला आणि 1.9 गुणांनी कांस्य हुकलेला कोलकात्याचा जॉयदीप कर्मकार, 2024 मध्ये पॅरिसला कांस्य जिंकलेला कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे हे सगळे काचेच्या मोठेपणाशिवाय तिथवर पोहोचले. पण त्यांच्या साइटवरही क्लिक असतात, आणि त्या क्लिकांनी दगा दिला तर गुण जातात. यंत्र परत मूळ जागी येते की नाही, हा प्रश्न त्यांनाही तितकाच जिव्हाळ्याचा. कायद्याची चौकटही पुस्तकाने सुरुवातीलाच स्पष्ट केली आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. शस्त्र आणि परवाना यांना 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे नियम लागू आहेत. त्यामुळे हे पुस्तक रेंजवरच्या कागदी लक्ष्याच्या पलीकडे जात नाही, आणि तसेच असायला हवे.

लेखकाची पद्धत मी स्वतः करून पाहिली. हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही एकाच एअर रायफलीवर, एकाच माउंटमध्ये, पाळीपाळीने दोन स्कोप बसवले. एक मित्राचा, बऱ्यापैकी महाग. त्यातून पंचवीस मीटरवरच्या कागदाचा पोतसुद्धा दिसत होता. दुसरा त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या किमतीचा, कडेला जरा धूसर. माउंटचे स्क्रू दोन्ही वेळी सारखेच आवळले. निशाण शेवटपर्यंत एकाच ठिपक्यावर. तीन गोळ्या, मग चाळीस क्लिक उजवीकडे, तीन गोळ्या, चाळीस वर, तीन, चाळीस डावीकडे, तीन, चाळीस खाली, आणि शेवटच्या तीन. कागदावर चौकोन उमटतो, आणि शेवटच्या तीन गोळ्या पहिल्या तिनांवर बसल्या पाहिजेत. क्लिक पाव एमओएचा; एमओए हे कोनाचे माप. शंभर मीटरवर एक एमओए म्हणजे सुमारे 2.9 सेंटिमीटर, म्हणून पंचवीस मीटरवर चाळीस क्लिक म्हणजे सात सेंटिमीटरांहून थोडे अधिक. आम्ही पट्टी घेऊन बसलो. धूसर स्कोपचा चौकोन मिटला. देखण्या स्कोपची एक बाजू सहा सेंटिमीटरही भरली नाही, आणि शेवटच्या गोळ्या पहिल्यांपासून नखभर बाजूला पडल्या. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. त्याने चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. निकाल तोच आला.

याचा अर्थ महाग ते वाईट आणि स्वस्त ते चांगले असा कोणी काढू नये. त्याच किमतीचे अनेक स्कोप ही परीक्षा सहज पार करतात आणि स्वस्तातले अनेक नापास होतात. किंमत आपल्याला शक्यता सांगते. हातात आलेला नग कसा आहे, हे चौकोन सांगतो. म्हणून खरेदी करताना परत देण्याची मुदत विचारून घ्यावी आणि त्या मुदतीतच चौकोन काढावा, हा या पुस्तकातला सल्ला मला सर्वांत व्यवहारी वाटला. खर्चाचा क्रमही लेखकाने उलटा लावला आहे: आधी पक्के माउंट, मग विश्वासू टरेट, मग काच, आणि पॉवर शेवटी. दहा पॉवरवर चाळीस मिलिमीटरच्या काचेतून डोळ्यात उतरतो तो चार मिलिमीटरचा प्रकाशझोत. वीस पॉवरवर तो दोनच उरतो आणि चित्र अंधारते. जास्त पॉवर म्हणजे जास्त दिसणे नव्हे, हे एवढ्या एका भागाकारातून कळते.

या पुस्तकाला मर्यादा आहेत. रात्रीच्या अंधारात पाहणाऱ्या, उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांना ते हात घालत नाही. बाजारातल्या भावांची यादीही देत नाही, कारण ती छापून होईपर्यंत शिळी होते. ते देते ती तपासण्याची रीत, मराठीत आणि पट्टी-पेन्सिलीने करता येईल अशी. मॉडेल बदलतील, कंपन्या विकल्या जातील, आज ज्यांची नावे आहेत ती उद्या नसतील. रीत तेव्हाही चालेल.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक वाचून झाल्यावर शेवटचा तक्ता कोरा ठेवू नका. नवा स्कोप घेण्याआधी आज तुमच्याकडे आहे त्याच स्कोपचा चौकोन काढा, बाजू मोजा आणि आकडे तिथे लिहा. कदाचित नवा घेण्याची गरजच नाही, असेही निघेल.

कोलकाता
गुढीपाडवा